डॉ. भाऊ दाजी लाड : उघडी विद्या आणि झाकलेले औषध

मुंबईला गेलेला गोमंतकीय भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला की प्रवेशद्वाराजवळच्या जुन्या देखण्या इमारतीवर त्याला डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव वाचायला मिळते. मुंबईतील हे सर्वांत जुने संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याला ब्रिटनच्या राणीचे आणि तिच्या पतीचे नाव होते. १९७५ साली ते नाव बदलून भाऊ दाजींचे देण्यात आले, कारण ते उभारण्यासाठी झटलेल्या मोजक्या माणसांत भाऊ दाजी अग्रभागी होते. हे नाव वाचणाऱ्या पुष्कळांना एवढेच वाटते की हे कोणी इतिहासप्रेमी गृहस्थ असावेत. ते मूळचे पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे, आणि इतर सर्व काही होण्यापूर्वी ते डॉक्टर होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

भाऊ दाजींच्या चरित्रात शिलालेख आहेत, नाणी आहेत, मुलींच्या शाळा आहेत, राजकीय सभा आहेत. मात्र त्यांच्या डॉक्टरकीची कहाणी स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. पाश्चात्त्य वैद्यक रीतसर शिकलेल्या पश्चिम भारतातील पहिल्या पिढीचे ते प्रतिनिधी होते. डॉक्टरने काय झाकावे आणि काय उघड करावे, हा आजही न सुटलेला प्रश्न त्यांच्या आयुष्यात दोन वेळा उभा राहिला, आणि दोन्ही वेळा त्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली.

नव्या काबिजादीतून मुंबईला

भाऊंचे पाळण्यातले नाव रामकृष्ण. वडील विठ्ठल लाड हे दाजी या नावाने ओळखले जात. घरात रामकृष्णाला भाऊ म्हणत, आणि पुढे भाऊ दाजी हीच त्यांची जगभरची ओळख झाली. त्यांचा जन्म १८२२ साली मांद्रे येथे झाला.

तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेला पेडणे महाल तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली येऊन उणीपुरी चौतीस वर्षे झाली होती. सावंतवाडीकर सावंतांकडून हा महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी, १७८१-८२ च्या सुमारास त्यांच्या ताब्यात गेली होती. नव्या काबिजादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात देवळे टिकली, मराठी टिकली, आणि उपचारांची जुनी परंपराही टिकली. आजारी माणूस गावच्या वैद्याकडे जाई, मोडलेले हाड बसवणाऱ्याकडे जाई, किंवा देवाला कौल लावी. सरकारी इस्पितळ ही पेडण्याच्या शेतकऱ्याच्या जगातली वस्तू नव्हती.

लहानपणी भाऊ बुद्धिबळ उत्तम खेळत. त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे असा आग्रह त्यांच्या वडिलांकडे धरला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. विठ्ठलराव मुलाला घेऊन मुंबईला आले. हाताशी भांडवल नव्हते. मातीच्या बाहुल्या करून त्या शहरात विकायच्या आणि त्यावर संसार चालवायचा, असे दिवस या कुटुंबाने काढले. पुढे मुंबईचे नगरपाल झालेल्या माणसाचे बालपण अशा उंबरठ्यावर गेले.

मुंबईत भाऊंचे शिक्षण दुहेरी झाले. वाईचे विद्वान नारायणशास्त्री पुराणिक यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे धडे घेतले आणि एल्फिन्स्टन संस्थेत ते इंग्रजी व शास्त्रविषय शिकले. काही काळ त्याच संस्थेत त्यांनी अध्यापनही केले. काठेवाड आणि कच्छमधील काही घराण्यांत मुलींना जन्मतःच मारण्याची चाल होती. तिच्यावर निबंध लिहिण्याची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा भाऊंच्या निबंधाला पारितोषिक मिळाले. तो निबंध १८४७ साली छापून प्रसिद्ध झाला. मुलींच्या जगण्याचा आणि शिक्षणाचा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही, त्याची सुरुवात येथे दिसते.

ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी

मुंबईत देशी विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवण्याचा पहिला प्रयत्न १८२६ साली झाला होता. तेथे देशी भाषांतून शिकवले जाई. ती शाळा १८३२ साली बंद पडली. त्यानंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या, अधिक पक्क्या पायाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना मांडली. १८३८ साली त्यांचे निधन झाले आणि महाविद्यालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. शेजारी सर जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. १८४५ साली दोन्ही संस्था कामाला लागल्या. डॉ. चार्ल्स मोरहेड हे महाविद्यालयाचे पहिले प्रमुख होते.

या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी दाखल झाले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. शिक्षकाची प्रतिष्ठित नोकरी बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा विद्यार्थ्याची जागा घेतली, ही साधी गोष्ट नव्हती. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, औषधिविज्ञान, शस्त्रवैद्यक, प्रसूतिशास्त्र असे विषय इंग्रजीतून शिकायचे होते. त्याहून अवघड भाग पुस्तकाबाहेरचा होता. शरीर आतून कसे असते हे कळण्यासाठी मृतदेहाचे विच्छेदन करावे लागे. प्रेताला शिवल्यावर स्नान केल्याशिवाय घरात पाऊल न ठेवणाऱ्या समाजातून आलेल्या मुलांना रोज हातात सुरी घेऊन शवागारात उभे राहावे लागत होते. कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली हा बंध तोडला होता. मुंबईत तो तोडण्याची पाळी भाऊंच्या तुकडीवर आली.

मोरहेड यांच्या अध्यापनाचा दुसरा विशेष म्हणजे रुग्णाच्या खाटेशी बसून शिकणे. विद्यार्थ्याने रुग्णाला प्रश्न विचारायचे, लक्षणे टिपायची, रोगाचे निदान करायचे, उपचारांचा परिणाम रोजच्या रोज लिहून ठेवायचा आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात आपले निदान खरे होते की खोटे हे सर्वांसमक्ष तपासायचे. चूक झाकायला येथे जागा नव्हती. या पद्धतीचा गाभा असा की वैद्याचे ज्ञान त्याच्या एकट्याच्या मालकीचे राहत नाही. ते कागदावर उतरते, दुसऱ्याला तपासता येते आणि खोटे ठरले तर टाकून देता येते.

१८५१ साली पहिली तुकडी परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. यशस्वी विद्यार्थी अवघे आठ होते. त्यांत भाऊंच्या बरोबरीने पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग होते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ होते. लिस्बोआ हे बार्देश तालुक्यातील आसगावचे. शापोरा नदीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे दोन गोमंतकीय या पहिल्या आठांत होते, ही गोष्ट गोव्याने विसरू नये. भाऊंचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही याच महाविद्यालयातून डॉक्टर झाले. मुंबईतील आरंभीच्या छायाचित्रकारांत त्यांची गणना होते.

याच काळात खुद्द गोव्यातही वैद्यकीय शिक्षणाचे दार उघडले होते. पणजीला पोर्तुगीज सरकारने १८४२ साली वैद्यक-शस्त्रक्रिया शाळा सुरू केली. म्हणजे मुंबईच्या महाविद्यालयापेक्षा ती तीन वर्षे जुनी. तिचे माध्यम पोर्तुगीज होते. पेडणे-डिचोलीच्या मराठी घरातील मुलाला ते माध्यम परके होते. मांद्रेच्या मुलाला पणजीपेक्षा मुंबई जवळची वाटावी, अशी ती परिस्थिती होती.

दवाखान्यातील भाऊ

डॉक्टर झाल्यावर भाऊंनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. थोड्याच वर्षांत शहरातील धनिक व्यापारी, संस्थानिक आणि धर्मगुरू त्यांच्याकडे येऊ लागले. नारायण दाजींसह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला. श्रीमंतांकडून मिळालेल्या पैशातून गरिबांच्या औषधांचा खर्च भागे. देशी माणसाने इंग्रजी वैद्यक शिकून उघडलेला दवाखाना ही तेव्हा नवी गोष्ट होती. साहेब डॉक्टरकडे जायला बिचकणाऱ्या माणसाला आपली भाषा बोलणारा, आपल्या घरातील सोवळेओवळे जाणणारा डॉक्टर प्रथमच मिळाला. नव्या औषधांवर लोकांचा विश्वास बसण्यात या पिढीच्या डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे.

दवाखाना सांभाळून भाऊंनी सार्वजनिक कामाचा जो डोंगर उचलला तो थक्क करणारा आहे. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशन या पश्चिम भारतातील पहिल्या राजकीय संस्थेचे ते चिटणीस होते. हिंदुस्थानच्या कारभारातील दोष इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे मांडणारा अर्ज या संस्थेने पाठवला. शिक्षण मंडळावर ते सदस्य होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या अधिसदस्यांत त्यांची नेमणूक झाली. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र सभेचे ते पहिले भारतीय अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या चाहत्यांनी निधी उभारून एका मुलींच्या शाळेला त्यांचे नाव दिले. विष्णुदास भावे आपली मराठी नाटके घेऊन मुंबईला आले तेव्हा त्यांना आधार देणाऱ्यांतही भाऊ होते. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा मुंबईच्या नगरपालपदावर त्यांची निवड झाली.

न्यायालयातील साक्ष

या यशाच्या ऐन बहरात भाऊंच्या डॉक्टरकीची कसोटी पाहणारा प्रसंग आला. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने १८६० साली आपल्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या वर्तनावर कठोर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली. सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ अर्नोल्ड हे न्यायमूर्ती होते. सारे शहर या खटल्याकडे डोळे लावून बसले होते.

लेखातील आरोप खरे होते की नाही, यावर सारा खटला तोलून होता. वादी महाराजांना गुप्तरोग झाला होता काय, हा त्यातील कळीचा मुद्दा ठरला. भाऊ दाजींनी या घराण्यांतील महाराजांवर उपचार केले होते. बचाव पक्षातर्फे त्यांना साक्षीला बोलावण्यात आले. आपण वादीवर कोणत्या विकारासाठी उपचार केले, हे त्यांनी न्यायालयात शपथेवर सांगितले. डॉ. धीरजराम दलपतराम यांचीही साक्ष त्याच दिशेची होती. एप्रिल महिन्यात निकाल लागला आणि तो मुख्यतः करसनदासांच्या बाजूचा होता.

आज या साक्षीकडे पाहताना डॉक्टरच्या मनाला एक प्रश्न टोचल्याशिवाय राहत नाही. रुग्ण विश्वासाने जे सांगतो ते डॉक्टरने चारचौघांत उघड करावे काय? वैद्यकाच्या शपथेत रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन हजारो वर्षांपासून आहे. पण इंग्लंडच्या कायद्याने अठराव्या शतकातच ठरवून टाकले होते की न्यायालयात शपथ घेतल्यावर डॉक्टरला ही सबब सांगता येत नाही. १७७६ साली तेथील एका उमराव स्त्रीच्या खटल्यात तिच्या शल्यवैद्याला न्यायपीठाने बोलणे भाग पाडले, आणि तोच दंडक पुढे चालू राहिला. त्यामुळे भाऊंना कायद्याने मौनाची मोकळीक नव्हतीच.

तरीही ती साक्ष सोपी नव्हती. महाराज आणि त्यांचे अनुयायी हे शहरातील सर्वांत श्रीमंत व्यापारी वर्गातले, म्हणजे भाऊंच्या दवाखान्याचे उत्पन्न ज्यांच्यावर अवलंबून होते त्यांपैकी होते. विस्मरण झाले असे सांगून किंवा गुळमुळीत उत्तरे देऊन सुटका करून घेता आली असती. ती वाट भाऊंनी धरली नाही. ग्रँट महाविद्यालयात रोग्याच्या खाटेशी जे शिकले त्याची ही सार्वजनिक परीक्षा होती. जे पाहिले ते सांगायचे, ऐकणारा कोण आहे याचा विचार करायचा नाही, ही शिस्त त्यांनी न्यायालयातही पाळली.

कडू कवठाचे तेल

दुसऱ्या कसोटीत मात्र चित्र उलटे दिसते. भाऊंनी आपल्या वैद्यकीय अभ्यासाचा मोठा भाग कुष्ठरोगाला दिला. महारोग या नावाने ओळखला जाणारा हा आजार तेव्हा माणसाला जिवंतपणी समाजातून उठवत असे. पाश्चात्त्य वैद्यकाकडे त्यावर उपाय नव्हता. तो आनुवंशिक आहे की संसर्गजन्य, यावरही युरोपातील डॉक्टरांत एकमत नव्हते. ग्रँट महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर हे याच शहरात कुष्ठरोगाचा अभ्यास करत होते. जगभर गाजलेल्या ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथातील आकृत्या त्यांनीच काढलेल्या आहेत.

भाऊंकडे कार्टर यांच्याजवळ नसलेली एक किल्ली होती, ती म्हणजे संस्कृत. प्राचीन वैद्यकग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण गायले आहेत त्या शोधायच्या, रुग्णांवर वापरून पाहायच्या आणि खरा गुण कोणता व अतिशयोक्ती कोणती हे ठरवायचे, असा त्यांचा उपक्रम होता. दोन विद्यांच्या सांध्यावर उभा राहून असे काम करणारा डॉक्टर तेव्हा विरळा. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाचे वर्णन आहे. हे झाड पश्चिम समुद्राच्या किनाऱ्याकडील भूमीत वाढते आणि त्याच्या बियांचे तेल कुष्ठावर द्यावे, असे तेथे सांगितले आहे. अभ्यासक या तुवरकाची ओळख कडू कवठाशी पटवतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणात आणि गोव्यात ओढ्याकाठच्या सावलीत हे झाड आजही आढळते. त्याच्या टणक फळातील बियांचे तेल त्वचेच्या विकारांवर लावण्याची चाल किनारपट्टीवर जुनीच आहे.

भाऊंनी कुष्ठरोग्यांवर आपल्या औषधाचे उपचार केले आणि त्यांचा बोलबाला झाला. दूरदूरचे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले. परंतु ते औषध कोणते, हे त्यांनी जाहीर केले नाही. शहरातील इतर डॉक्टरांना ही गोष्ट खटकली. रीतसर शिकलेल्या माणसाने आपले औषध गुप्त ठेवावे, त्याचे प्रमाण सांगू नये, दुसऱ्याला ते वापरून पाहण्याची संधी देऊ नये, हे नव्या वैद्यकाच्या रीतीविरुद्ध होते. उपचारांचे परिणाम खरे असतील तर ते तपासू द्यावेत, अशी टीकाकारांची रास्त मागणी होती. १८७४ साली भाऊंचे निधन झाले तोवर ती पुरी झाली नाही. ते औषध म्हणजे कडू कवठाच्या जातीच्या बियांचे तेल होते, ही नोंद वैद्यकीय ग्रंथांत त्यांच्या पश्चात आली.

त्यांनी असे का केले असावे? आपल्याकडील वैद्यघराण्यांत औषधाचा पाठ बापाकडून मुलाकडे जाई आणि बाहेर फुटला तर गुण जातो अशी समजूत असे. त्या परंपरेचा पगडा भाऊंसारख्या माणसावरही राहिला असेल. प्रयोग पुरता हाती आल्याशिवाय जाहीर करू नये, असाही विचार असेल. देशी डॉक्टरच्या शोधाचे श्रेय साहेबांच्या नावावर जाईल, ही भीतीही त्या काळात निराधार म्हणता येणार नाही. यांपैकी कोणतेही कारण खरे मानले तरी परिणाम बदलत नाही. औषध झाकलेले राहिले आणि त्याचा अभ्यास खोळंबला.

हा खोळंबा केवढा होता हे पुढील इतिहास सांगतो. भाऊंच्या निधनाच्या आदल्याच वर्षी, १८७३ साली, नॉर्वेच्या हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या जातीच्या तेलापासून टोचून देता येईल असे औषध तयार करण्यात यश आले. हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञेने आणि कलकत्त्यात सर लेनर्ड रॉजर्स यांनी त्यावर काम केले. १९४० च्या दशकात सल्फोन वर्गाची औषधे येईपर्यंत जगातील कुष्ठरोग्यांना मुख्य आधार या तेलाचाच होता. ते रोग समूळ बरा करणारे नव्हते आणि त्याचा त्रासही होई, पण दुसरे काही नव्हते. मुंबईतील एका दवाखान्यात या तेलाचे उपचार होत होते त्याला तोवर निम्मे शतक उलटून गेले होते. त्या उपचारांच्या नोंदी खुल्या झाल्या असत्या तर पुढच्या संशोधकांना कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागली नसती.

शिलालेखांतला मोकळेपणा

विशेष म्हणजे हाच माणूस दुसऱ्या क्षेत्रात सर्वस्वी उघडा होता. भाऊंनी अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख वाचले, गिरनारच्या खडकावरील रुद्रदामनाच्या लेखावर काम केले, कालिदासाच्या काळाची चिकित्सा केली. जुनी नाणी आणि हस्तलिखिते त्यांनी मोठ्या खर्चाने जमवली. हे सारे संशोधन त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे वाचले आणि तिच्या नियतकालिकात छापले. त्यात चुका असतील तर त्या कोणालाही दाखवता येत होत्या, आणि पुढील विद्वानांनी त्या दाखवल्याही. जुनागढचा भगवानलाल इंद्रजी हा तरुण त्यांच्या हाताखाली १८६० च्या दशकाच्या आरंभापासून काम करू लागला. देशभर हिंडून त्याने लेखांच्या नकला आणल्या. त्याच तयारीवर तो पुढे स्वतः थोर पुरातत्त्वज्ञ झाला. भाऊंनी इतिहासात शिष्य घडवला आणि ती विद्या पुढे वाहिली. कुष्ठरोगाच्या औषधाचे ज्ञान मात्र असे कोणा शिष्याच्या हातून पुढे सरकले नाही.

भाऊ दाजींचे लेखन त्यांच्या निधनानंतर कलकत्त्याहून संकलित होऊन निघाले. गोमंतकाचे संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी मराठीत त्यांचे विस्तृत चरित्र लिहून त्यांची आठवण जागी ठेवली.

आजच्या विद्यार्थ्यासाठी

भाऊंच्या काळात एकच डॉक्टर ताप पाही, हाड बसवी, बाळंतपण करी आणि डोळाही तपासी. दातांचे स्वतंत्र वैद्यक आपल्याकडे शिकवलेच जात नव्हते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय १८४० साली निघाले होते. हिंदुस्थानात मात्र दात दुखला की लवंग धरायची आणि फारच झाले तर गावातल्या जाणकाराकडून तो उपटून घ्यायचा, हाच शिरस्ता होता. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले ते १९२० साली. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी आणि शिक्षणाची पातळी ठरवून दिली. गोव्यात पणजीच्या जुन्या वैद्यकीय शाळेचे १९६३ साली गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि १९८० साली गोवा दंत महाविद्यालय सुरू झाले. आज पेडण्याचा किंवा डिचोलीचा विद्यार्थी बांबोळीला जाऊन डॉक्टर होऊ शकतो, दंतवैद्य होऊ शकतो. त्याच्या वडिलांना त्यासाठी मुंबईत मातीच्या बाहुल्या विकाव्या लागत नाहीत.

या सर्व व्यवस्थेमागे एकच तत्त्व आहे. डॉक्टर कोठे शिकला, काय शिकला, कोणते औषध देतो, हे समाजाला विचारता आले पाहिजे. नोंदवही, परीक्षा, औषधावरील घटकांची यादी, ही सगळी त्या तत्त्वाचीच रूपे आहेत. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ साली झाला, आणि जे आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही त्यांच्या यादीत कुष्ठरोगाचाही समावेश आहे. तरी आजही गुप्त नुसख्याच्या बाटल्या खपतात, आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला परवान्याशिवाय दात बसवून देणारे भेटतात. गुण येतो म्हणतात, हे एवढेच प्रमाणपत्र लोकांना पुरते. भाऊ दाजी भोंदू नव्हते. ते उत्तम शिकलेले, करुणावान आणि धैर्यवान डॉक्टर होते. म्हणूनच त्यांच्या झाकलेल्या औषधाची गोष्ट अधिक बोलकी आहे. औषध खरे असले आणि देणारा सज्जन असला, तरी त्याचे प्रमाण आणि परिणाम इतरांना तपासता आले नाहीत तर ते त्याच्याबरोबर संपते. पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही.

मुंबईने भाऊंचे नाव संग्रहालयाला दिले. गोव्याने त्यांची आठवण वैद्यकाच्या वर्गात ठेवायला हवी. शवविच्छेदनाच्या टेबलाशी पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना, रुग्णाचे गुपित आणि न्यायालयाची शपथ यांच्यात सापडणाऱ्या डॉक्टरांना, आपल्या हाताला गुण आहे अशी ख्याती झालेल्या वैद्यांना, या मांद्रेच्या माणसाच्या आयुष्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांच्या गौरवाबरोबर त्यांनी अर्धवट सोडलेले कामही शिकवले गेले, तर तो त्यांचा अधिक खरा सन्मान ठरेल. पेडण्याच्या ओढ्याकाठी कडू कवठाचे झाड दिसले, तर त्याच्यापाशी थांबून ही गोष्ट मुलांना सांगावी.